भाऊंचा उजवा पाय: वडोदऱ्यातली एक फंक्शनल केस, पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या निदानापर्यंत

ही केस सविस्तर लिहितेय कारण आम्हा सायकियाट्रीवाल्यांकडे अशा पेशंटची जी चिठ्ठी येते ती बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, कृपया बघावे", आणि त्या वाक्याच्या जोरावर घरच्यांनी, ऑफिसनी, कधीकधी डॉक्टरांनीपण मनातल्या मनात निकाल लावून टाकलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल येणं हे निदान नाहीये. फंक्शनल आजाराचं (म्हणजे मेंदू-नसांची रचना शाबूत, पण त्यांचं काम बिघडलेलं) निदान तपासणीत काहीतरी ठोस सापडल्यावर करायचं असतं, काही सापडलं नाही म्हणून करायचं नसतं, आणि या केसमध्ये ते इतकं स्वच्छ दिसलं की नवीन मुलामुलींना शिकवताना मी आता हीच केस सांगते.

परवानगी पेशंटनी आणि त्यांच्या बायकोनी दोघांनी दिलीय, तरी वय, काम, सोसायटी थोडं थोडं बदललंय, ओळखायच्या भानगडीत कोणी पडू नका. घरी सगळे त्यांना भाऊ म्हणतात म्हणून मी पण इथे भाऊच लिहिते. वय ४४, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, मूळ घर दांडिया बाजारातलं, घरात मराठी, दारात गुजराती अशी आपली बडोद्याची जुनी मंडळी. थोरला भाऊ आणि आई अजून जुन्या घरात, हे बायको-मुलीला घेऊन अकोट्याकडच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहायला गेलेले. आधी कधी सायकियाट्रिस्टचं तोंड पाहिलेलं नाही, शुगर नाही, बीपी काठावर, गोळी चालू नव्हती.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं ते इथल्या कोणाला वेगळं सांगायला नको. भाऊंच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी, लाइट गेलेली, सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या गल्लीत मगर दिसल्याचे मेसेज, आणि हे आणि वहिनी (म्हणजे त्यांची बायको, पुतण्यांमुळे तेही तिला वहिनीच म्हणतात) इन्व्हर्टरची बॅटरी उचलून जिन्यावर नेत होते. शेवाळलेल्या पायरीवरून भाऊ घसरले, उजवा कुल्हा आपटला. मला त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलंय: "मॅडम, पडलो तेव्हा दुखलं नाही एवढं, पण एकदम धस्स झालं, हात गार पडले, कानात भुणभुण, वहिनीचा आवाज लांबून येतोय असं वाटलं, आणि उठायला गेलो तर हा पाय माझा नाहीच. होता, दिसत होता, पण माझा नव्हता." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं आणि आश्चर्य म्हणजे आधीच्या एकाही कागदावर ते नव्हतं, कारण कोणी पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय काय झालं हे विचारलंच नव्हतं. किरकोळ मार, त्याच वेळी पॅनिकची लक्षणं, आपण आपल्या शरीरापासून सुटल्यासारखं वाटणं, आणि मग अवयव बंद पडणं, हा क्रम फंक्शनल केसेसमध्ये आम्ही परत परत ऐकतो.

पाणी उतरेपर्यंत हलता आलं नाही, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढलं. कॅज्युअल्टीत लिहिलं "उजव्या पायात अचानक अशक्तपणा, स्ट्रोक?" आणि सीटी केला. हे शंभर टक्के बरोबर केलं. इथे जरा थांबून सांगते, शरीराच्या एका बाजूची ताकद अचानक गेली तर घरी बसून हे टेन्शननी आहे का खरं आहे असली चर्चा करायचीच नाही, १०८ ला फोन करून हॉस्पिटलला निघायचं, कारण खरा स्ट्रोक असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. फंक्शनल वगैरे सगळा विचार त्याच्यानंतरचा.

सीटी नॉर्मल, मग एमआरआय ब्रेन, तोही नॉर्मल. तिथून पुढे महिनाभरात भाऊंच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद जमत गेले आणि प्रत्येक कागदावर वेगळं नाव. एका ठिकाणी कमरेचा एमआरआय झाला, त्यात एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, जराशी फुगलेली दिसली, लगेच "डिस्क प्रोलॅप्स, तीन आठवडे बेडरेस्ट". दुसरीकडे रक्त तपासलं तर बी१२ कमी निघालं, म्हणून "न्यूरोपॅथी" (नसा खराब होणं), इंजेक्शनं सुरू. नर्व्ह कंडक्शन (नसांमधून संदेश नीट जातो का ते बघायची तपासणी) केलं ते नॉर्मल. तिसरीकडे "अँग्झायटी" लिहून क्लोनाझेपाम (अँग्झायटी कमी करणारी, झोप आणणारी गोळी) रात्री. चौथीकडे "फंक्शनल ओव्हरले, धीर दिला" (म्हणजे आजाराच्या मानानी लक्षणं जास्त वाटतायत), आणि शेवटच्या कागदावर इंग्लिशमध्ये घाईघाईत, "मॅलिंगरिंग? सायकियाट्रीला दाखवा". हा शेवटचा शब्द भाऊंच्या मुलीनी मोबाइलवर शोधला. अकरावीतली मुलगी, तिनी अर्थ वाचला, मुद्दाम आजारपणाचं सोंग करणं, आणि त्या दिवसापासून तिनी बाबांना पाणी नेऊन देणं बंद केलं. वहिनी मला हे सांगताना रडल्या. थोरल्या भावाचं मत तर आधीपासून ठरलेलंच होतं, "कामाला जायचं नाहीये त्याला". आई तेवढ्या रोज संध्याकाळी अंगारा लावत होत्या, आणि खरं सांगू का, त्या घरात तेव्हा भाऊंवर विश्वास ठेवणारी ती एकच गोष्ट चालू होती, म्हणून मी अंगाऱ्याला एका शब्दानी विरोध केला नाही.

म्हणजे बघा, पाय तोच, माणूस तोच, पण कागद बदलला की घरातली वागणूक बदलायची. डिस्क म्हटलं तेव्हा सगळे उचलून बाथरूमला नेत होते, ओव्हरले म्हटलं तेव्हा ओरडायला लागले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नवरात्र नुकतं बसलं होतं तेव्हा, ते माझ्याकडे व्हीलचेअरवर आले. मी पहिल्यांदा त्यांना चालायला सांगितलं, वहिनींचा खांदा धरून का होईना. पाय मागे ओढत येत होते, पंजाचा पुढचा भाग जमिनीला घासत, बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, जसं पायाला मागे काहीतरी बांधलंय. स्ट्रोकच्या पेशंटचा पाय असा येत नाही, तो ताठ असतो आणि बाहेरून अर्धगोल फिरून पुढे पडतो. हे दाराशीच दिसलं, पण चालीवरून निदान करून टाकायचं नसतं, म्हणून झोपवून तपासलं.

हूवर साइन बद्दल बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल, चार्ल्स हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनी १९०८ मध्ये लिहून ठेवलेली तपासणी आहे, एक पैसा लागत नाही आणि बेड असला की झालं. पेशंटला पाठीवर झोपवायचं, दुबळ्या पायाच्या टाचेखाली आपला हात ठेवायचा आणि म्हणायचं टाच गादीत दाबा. भाऊंनी जीव काढला, घाम आला, माझ्या हातावर काहीही दाब नाही. मग हात तिथेच ठेवून सांगितलं की आता उजवा विसरा, डावा पाय वर उचला, मी वरून दाबते, तुम्ही मला हरवा. डावा पाय उचलताना उजवी टाच माझ्या हातात अशी रुतली की मला हात काढता येईना. आपण एक पाय जोर लावून उचलतो तेव्हा दुसरा आपोआप खाली रेटला जातो, शरीराची ती सवय आहे. स्ट्रोक झाला असता तर मुद्दाम सांगून पण दाब आला नसता आणि आपोआप पण आला नसता. भाऊंचा मुद्दाम येत नव्हता, आपोआप पूर्ण येत होता. याचा अर्थ मेंदूपासून पायापर्यंतची तार शाबूत आहे, अडचण आहे ती लक्ष देऊन हालचाल सुरू करण्यात.

एका साइनवर मी थांबत नाही, कारण कुल्हा खूप दुखत असेल तर हूवर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि मेंदूच्या परायटल भागाला इजा झालेल्या पेशंटमध्ये पण फसवू शकतो. म्हणून पाय बाहेरच्या बाजूला ढकलायची जी तशीच दुसरी तपासणी आहे (सोनू नावाच्या जपानी न्यूरॉलॉजिस्टनी २००४ मध्ये सांगितलेली) ती केली, तीही त्याच दिशेनी. रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे, तळव्याला खरडलं की अंगठा खाली (नॉर्मल असतो तसा), स्नायू वाळलेले नाहीत, ट्यूनिंग फोर्कची थरथर दोन्ही अंगठ्यांना व्यवस्थित कळत होती. नंतर एका न्यूरॉलॉजिस्टना पण दाखवलं, त्यांनी स्वतंत्रपणे तपासून तेच लिहिलं, आणि हे मी नेहमी करते कारण फंक्शनलचं निदान सायकियाट्रिस्टनी एकट्यानी करायचं नाही असं माझं ठाम मत आहे.

आता आधीच्या कागदांचं काय. डिस्क खोटी नव्हती, एमआरआयमध्ये होतीच, पण चाळिशीत पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी जवळजवळ निम्म्यांमध्ये डिस्क फुगलेली दिसते, हे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये दाखवलेलं आहे. आणि एल४-एल५ ची डिस्क दाबलीच तर पाऊल वर उचलणं आणि अंगठा वर करणं जाईल, सगळाच्या सगळा पाय कुल्ह्यापासून जाणार नाही. बी१२ पण खरंच कमी होतं, आपल्याकडे शाकाहारी घरांत ते सर्रास सापडतं आणि भाऊंच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. पण बी१२ मुळे नसा खराब होतात त्या हळूहळू, बहुतेक दोन्ही पायांत, आधी मुंग्या, थरथर कळणं कमी होणं, तोल जाणं. एका पायरीवर एका मिनिटात एक पाय बंद, असं बी१२ करत नाही. म्हणून इंजेक्शनं चालू ठेवली, कारण कमतरता खरी आहे आणि तिला उपचार हवाच, पण तिला या पायाचं कारण म्हणून फाइलवर ठेवलं नाही. एका माणसाला दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात, हे आपण फार लवकर विसरतो, एक काहीतरी सापडलं की सगळं त्याच्याच खुंटीला टांगून मोकळे होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी मॅलिंगरिंगवर घालवला, कारण तो शब्द लिहिला गेला होता आणि तो नुसता सोडून देऊन चालणार नव्हता. एक गैरसमज आधी काढते: हूवर पॉझिटिव्ह आला म्हणजे पेशंट खरा आहे असं सिद्ध होत नाही, मुद्दाम सोंग करणाऱ्याचा पण हूवर पॉझिटिव्ह येऊ शकतो. तो फरक तपासणीच्या बेडवर कळत नाही, तो कळतो बाकीच्या सगळ्यातून. भाऊंना फायदा काय होत होता? सुट्ट्या संपून पगार कापला जात होता. सोंग करणारा माणूस सहसा तपासण्या टाळतो, हे स्वतःहून अजून एक एमआरआय करा म्हणून मागे लागले होते. भाचीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ वहिनींनी दाखवला, त्यात ते कॅमेरा आपल्याकडे आहे हे माहीत नसताना पण तसाच पाय ओढत होते. आणि मी हूवर त्यांना स्वतःला दाखवला तेव्हा ते चिडले नाहीत, घाबरले नाहीत, त्यांनी मला तीनदा परत करायला लावलं आणि डोळे भरून म्हणाले "म्हणजे आहे ताकद". सोंग उघडं पडलेला माणूस असा खूश होत नाही. आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मध्ये मॅलिंगरिंग हा मानसिक आजारांत धरलेलाच नाही, त्याची नोंद वेगळ्या प्रकरणात क्यूसी३० म्हणून आहे, आणि डीएसएम-५ या अमेरिकन सायकियाट्रीच्या निदानाच्या पुस्तकानी २०१३ मध्ये फंक्शनल निदानासाठी "पेशंट सोंग करत नाही हे डॉक्टरनी सिद्ध करावं" ही जुनी अट काढूनच टाकली, कारण असं सिद्ध कोणालाच करता येत नाही आणि बाकी कुठल्या आजारात आपण ते मागतपण नाही. पुरावा नसताना तो शब्द प्रश्नचिन्ह लावून लिहिणं हे माझ्या मते चूकच आहे, प्रश्नचिन्ह घरच्यांना दिसत नाही, शब्द दिसतो.

मग घरच्यांचा पुढचा प्रश्न, टेन्शन कशाचं? थोरल्या भावानी मला बाहेर गाठून दांडिया बाजारच्या घराच्या वाटणीचं सगळं सांगितलं, म्हणजे त्यांच्या मते मूळ तेच. वाद होता हे खरं, पण तो कितीतरी वर्षं चालू होता आणि पाय कधी गेला नव्हता. डीएसएम-४ मध्ये १९९४ साली लक्षणाशी जोडलेलं मानसिक कारण दाखवायलाच लागायचं, आणि त्यामुळे काय व्हायचं तर कारण सापडेपर्यंत डॉक्टर खोदत बसायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या आयुष्यात काहीतरी सापडायचंच, कोणाच्या नाही सापडत? २०१३ मध्ये ती अट पण गेली. आता मुख्य निकष हा की तपासणीत जे दिसतं ते ओळखीच्या न्यूरॉलॉजिकल आजाराशी जुळत नाही हे दाखवता आलं पाहिजे, दुसऱ्या कशानी ते जास्त चांगलं समजावता येऊ नये, आणि त्यामुळे माणसाचं जगणं अडलेलं पाहिजे. ताण असेल तर त्याची नोंद करा, उपचारात वापरा, पण निदान त्याच्यावर उभं करू नका. वाटणीचा विषय मी फाइलवर लिहिला, कारण म्हणून नाही, परिस्थिती म्हणून.

बाकी सायकियाट्रीची तपासणी पण रीतसर केली, फंक्शनल सापडलं म्हणून बाकीचं सोडून द्यायचं नाही. मन खचलेलं होतं, झोप तुटक, पण डिप्रेशनच्या एपिसोडला लागणारी लक्षणं भरत नव्हती, आयसीडी-११ ला दहापैकी किमान पाच लागतात, दोन आठवडे, जवळजवळ रोज. पूर आठवून छाती धडधडायची, जिन्यावर जायला टाळायचे, पण पूर आत्ता परत होतोय असं अनुभवणं किंवा तशी स्वप्नं नव्हती, म्हणून पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर होणारा मानसिक आजार) लिहिलं नाही. क्लोनाझेपाम हळूहळू बंद केली, पायासाठी तिचा काही उपयोग नव्हता आणि दिवसभर सुस्ती येत होती.

एक शंका मला तरुण डॉक्टर नेहमी विचारतात, मॅडम नंतर काहीतरी ऑरगॅनिक (म्हणजे शरीरातलाच बिघाड) निघालं तर? ही भीती बऱ्याच अंशी एलियट स्लेटर यांच्या १९६५ च्या पेपरमधून आली, लंडनमधल्या त्यांच्या पेशंटपैकी पुष्कळांना पुढे दुसराच आजार निघाला होता आणि त्यांनी हे निदानच धोक्याचं आहे असं लिहिलं. पण २००५ मध्ये स्टोन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा चुकीच्या निदानाचं प्रमाण १९५० च्या दशकातल्या २९ टक्क्यांवरून १९७० नंतर साधारण ४ टक्क्यांवर आलेलं दिसलं, म्हणजे न्यूरॉलॉजीतल्या इतर निदानांइतकंच. आणि हे दुर्मिळ पण नाहीये. स्कॉटलंडच्या न्यूरॉलॉजी ओपीडींमध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत डोकेदुखीनंतर सगळ्यात जास्त नवीन पेशंट याच गटातले होते.

तर फाइलवर मी लिहिलं: फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, उजव्या पायात अशक्तपणा, हूवर पॉझिटिव्ह, न्यूरॉलॉजिस्टचं मत सहमत. कोड दोन्ही दिले, आयसीडी-१० चा एफ४४.४ कारण आपल्याकडे अजून ऑफिसांमध्ये तोच चालतो, आणि आयसीडी-११ चा ६बी६०.६, जो २०२२ पासून लागू आहे. गंमत अशी की अमेरिकन डीएसएममध्ये हा आजार शारीरिक लक्षणांच्या गटात आणि आयसीडीत डिसोसिएटिव्ह (मन आणि शरीराचा दुवा सुटल्यासारखं होण्याच्या) गटात, म्हणजे एकच पाय दोन पुस्तकांत दोन घरांत राहतो, पण बेडवर जे सापडतं ते दोन्हीकडे तेच आहे. खाली वेगळ्या ओळीवर बी१२ कमतरता, आणि "डिस्क बल्ज, सध्याच्या लक्षणांशी संबंध नाही". ही शेवटची ओळ मुद्दाम लिहिली, नाहीतर पुढचा कोणीतरी परत बेडरेस्ट देतो.

कंपनीनी सर्टिफिकेट मागितलं तेव्हा त्यात निदान लिहिलंच नाही. काय काम करता येईल, काय नाही आणि किती दिवस, एवढंच त्यांना लागतं. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ च्या कलम २३ मध्ये पेशंटच्या गोपनीयतेचा हक्क आहे आणि लोक तो वापरत नाहीत म्हणून सांगतेय. विम्याकडून "सायकियाट्रिक दिसतंय, क्लेम बसेल का बघतो" असं आलं, त्यांना त्याच कायद्याचं कलम २१(४) लिहून पाठवलं, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा असं त्यात सरळ लिहिलंय. क्लेम पास झाला, वेळ लागला पण झाला.

उपचारातला माझ्या दृष्टीनी मोठा भाग म्हणजे समजावून सांगायचं ते एक सेशन, त्यासाठी मी शनिवारी ओपीडी संपल्यावरची वेळ ठेवली आणि वहिनी, मुलगी, थोरला भाऊ, सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांसमोर हूवर करून दाखवला, टाचेखाली हात मुलीचा ठेवला. ती आधी बोलेना, मग डावा पाय उचलल्यावर बाबांची टाच हातावर रुतली तशी दचकली आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्ही करताय का?" भाऊ म्हणाले, "नाही गं, होतंय." मी तिला एवढंच सांगितलं की तुझ्या बाबांना हेच तर जमत नाहीये, जे होतंय ते करता येत नाहीये. थोरला भाऊ काही बोलला नाही, पण खाली उतरताना व्हीलचेअर त्यानी धरली.

फिजिओ आमच्या ओळखीच्या एक गुजराती बेन, त्यांना या कामाचा अनुभव आहे. अशा पेशंटला नेहमीसारखं "उजवा पाय उचला, जोर लावा" सांगितलं की अजून बिघडतं, कारण सगळं लक्ष त्या पायावरच जातं. लक्ष दुसरीकडे नेऊन पायाला आपोआप चालू द्यायचं असतं. मागे चालणं, आडवं चालणं, आरशात बघून वजन एका पायावरून दुसऱ्यावर. आडवं चालताना भाऊंचा पाय बऱ्यापैकी उचलला जायचा आणि सरळ चालायला सांगितलं की परत घासायला लागायचा. बाहेर नवरात्राचा आवाज येत होताच, बेननी मोबाइलवर गरबा लावला आणि म्हणाल्या चला भाई, बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा). बडोद्यात वाढलेला माणूस, लहानपणापासून पोळमध्ये (जुन्या गल्लीत) गरबा खेळलेला, ताल लागला आणि पाय गोलात पडायला लागले, डावा उजवा डावा, भिंत न धरता. मग बे ताळीवरून त्रण (तीन) ताळी, मग गाणं बंद करून तोच ताल मनात, मग तोच ताल सरळ रेषेत. काठी आणि वॉकर मुद्दाम दिला नाही, सवय लागली की सुटत नाही. वहिनींना सगळ्यात अवघड काम दिलं, दार उघडलं की धावून खांदा न देणं. त्या म्हणायच्या मॅडम हात शिवशिवतात हो माझे.

कोणी सगळं फिजिओनी होतं असं समजू नये. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या ट्रायलचे निकाल २०२४ मध्ये आले, त्यात खास पद्धतीच्या फिजिओथेरपीनी शारीरिक क्षमतेच्या मुख्य मोजमापात नेहमीच्या फिजिओपेक्षा फरक दिसला नाही, पण आपण सुधारलो असं सांगणारे पेशंट त्या गटात जास्त होते. म्हणजे पद्धत उपयोगी आहे, जादू नाही. भाऊंच्या बाबतीत आजार नवीन होता, निदान त्यांनी स्वतः बघून मान्य केलं होतं आणि घर परत त्यांच्या बाजूला आलं होतं, माझ्या मते या तिन्हींचा वाटा व्यायामाइतकाच आहे. बाकी माझ्याकडे सात-आठ सेशन झाली, पुराच्या धडधडीवर आणि जिन्यावर परत पाय ठेवण्यावर, पहिल्यांदा नुसतं पायरीवर बसून, मग एक पायरी, मग बॅटरी ठेवलेल्या वळणापर्यंत.

दिवाळीला ते स्वतःच्या पायांनी दांडिया बाजारच्या घरी फराळाला गेले. जानेवारीत कामावर, पहिले काही आठवडे अर्धा दिवस. लांब चाललं की संध्याकाळी पाय जड होतो आणि थकवा बराच आहे, तो या आजारात असतोच आणि लोक त्याला आळस म्हणतात.

२०२५ च्या पावसाळ्यात नदीच्या पातळीचे मेसेज सुरू झाल्यावर एका रात्री पाय परत घासायला लागला. वहिनींचा फोन आला. त्यांना धोक्याच्या खुणा आधीच लिहून दिल्या होत्या: चेहरा वाकडा, बोलणं अडखळणं, हात पण जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेची बधिरता. यातलं काहीही असेल तर मला फोन न करता सरळ कॅज्युअल्टी, कारण फंक्शनलच्या पेशंटला पुढे खरा स्ट्रोक होऊ शकत नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही. यातलं काही नव्हतं. मी फोन चालू ठेवून त्यांना हॉलमध्ये आडवं चालायला लावलं, मग मागे, मग तालावर, आणि दुसऱ्या दिवशी बोलावून पूर्ण तपासणी परत केली, हूवर सकट. निदान तेच राहिलं, नवीन एमआरआय केला नाही, तीन दिवसांत चाल पूर्ववत झाली.

सध्या गोळी कुठलीच नाही, बी१२ ची पातळी वर आलीय, महिन्यातून एकदा इंजेक्शन चालू. मुलगी बारावीला आहे. फाइलमधले जुने कागद भाऊंना फाडून टाकायचे होते, मी ठेवायला सांगितले, फक्त सगळ्यात वर आता एकच पान आहे, निदानाचं, मराठीत आणि इंग्लिशमध्ये, खाली न्यूरॉलॉजिस्टची आणि माझी सही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे पान द्या असं सांगितलंय. पुढचा फॉलोअप दिवाळीनंतर.